तिसरा घास

वैजयंती सरनोबतने अकरा महिन्यांत एकवीस किलो वजन उतरवलं आणि तेही निव्वळ स्वतःच्या जिद्दीवर, असं तिच्या फाउंड्रीत भट्टीवाल्यापासून मालकापर्यंत सगळे मानत होते. ती स्वतःही तसंच मानत होती. खरं काय ते ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो रोज संध्याकाळी तिच्याच ओट्यापाशी उभा राहून दही लावायचा.

फाउंड्री कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत. वैजयंती तिथे उत्पादन नियोजनाची प्रमुख. कुठल्या साच्यात कधी ओतकाम व्हायचं, कुठला माल कुठल्या ट्रकने जायचा, हे सगळं तिच्या डोक्यात. परदेशी गिऱ्हाइकाला नेमकी जेवणाच्या सुट्टीतच फोन करायची बुद्धी व्हायची. त्यामुळे तिचं जेवण म्हणजे एका हाताने पडद्यावरचं वेळापत्रक सरकवत दुसऱ्या हाताने तोंडात कोंबलेला वडा. रात्री घरी आल्यावर दिवसभराचा सूड ती ताटावर उगवायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी वजन ब्याण्णव किलो, रक्तातली साखर काठावर, आणि वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या झटक्याने गेलेले.

आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन बारीक होण्याची लाट तोवर येऊन ओसरली होती. वैजयंतीनेही आठ महिने ती घेतली होती. बारीक झाली, इंजेक्शनं थांबवली, आणि गेलेलं वजन वर चार किलो घेऊन परत आलं. तेव्हापासून वजनाचा विषय घरात काढायची सोय नव्हती. तिचा नवरा रणधीर काढायचा, आणि बोलणी खायचा.

मग त्या आषाढात तिने नेम धरले. तिची आई दर चातुर्मासात काही ना काही नेम धरायची, कधी कांदा-लसूण सोडायची, कधी मौनाने जेवायची. वैजयंतीने आपले तीन ठरवले. दुपारच्या जेवणानंतर वाळूच्या ढिगांभोवती वीस मिनिटं चालायचं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, मग अमेरिका बुडाली तरी फोन घ्यायचा नाही. आणि पहिले तीन घास काहीही न बोलता, पडदा बंद ठेवून, सावकाश चावून खायचे.

चमत्कार झाला तो तिसऱ्या नेमाने. पंधरा दिवसांतच तिसऱ्या घासाला पोट भरल्यासारखं वाटायला लागलं. जिभेच्या मुळाशी एक कळकलेली चव यायची, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं तर त्याला येते तशी, आणि हात आपोआप थांबायचा. समोर गुलाबजाम ठेवा नाहीतर पांढरा रस्सा, मन ढळायचं नाही. इतकी वर्षं जे जमलं नाही ते जमलं म्हणून वैजयंतीला स्वतःचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

रणधीरनेही मनापासून साथ दिली. दुधाच्या पदार्थांसाठी जंतू तयार करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत तो शास्त्रज्ञ होता. "जेवणात वाडगाभर घरचं दही असू दे, वैजू," तो म्हणाला. "आणि तू दमून येतेस. दही मी लावत जाईन." एकवीस वर्षांच्या संसारात त्याने आपणहून अंगावर घेतलेलं हे पहिलं स्वयंपाकघरातलं काम. तिला भरून आलं होतं.

वजन उतरलं तसं फाउंड्रीत तिचं भाषण ठेवलं गेलं. तपासणी विभागातली नसीम मुल्ला नंतर तिच्याजवळ आली. दोघी बरोबरच्या, आणि अलीकडे एकत्र डबा खाणाऱ्या. "मॅडम, मी पण तीन महिने झाले करतेय सगळं तुमच्यासारखंच. दोन किलोच्या वर हलत नाही," ती म्हणाली.

"मग कुठंतरी चोरून खात असशील," वैजयंती हसत, पण चारचौघींसमोर म्हणाली. "नसीम, मनाला लगाम लागतो गं. तो बाजारात मिळत नाही."

नसीमही हसली. बाकीच्या बायकाही हसल्या.

*

सरनोबतांच्या समोरच्या दारात पोवार राहायचे. पोवार एसटीत ड्रायव्हर, त्यांची बायको शालन आणि एकोणीस वर्षांची मुलगी दामिनी. दामिनी कुस्ती खेळायची, अडुसष्ट किलो वजनी गटात. जिल्ह्यात दोनदा पहिली आली होती. आता राज्याच्या निवड चाचणीची तयारी चालली होती. त्यात निवड झाली तर सरकारी शिबिर, खुराक, पुढे नोकरीसुद्धा. पोवारांच्या घरातलं निम्मं दूध आणि सगळे बदाम तिच्या पोटात जायचे.

दिवाळीनंतर एकदा शालनवहिनी दार वाजवून आल्या. "वहिनी, इरजण द्या की थोडं. तुमचं दही कसं, सुरीनं कापावं असं लागतंय. आमचं आपलं पानचट."

विरजणाला नाही म्हणायचं नसतं. वैजयंतीने स्टीलच्या वाटीत दोन चमचे दही घालून दिलं. वाटीवर 'र. भा. सरनोबत' असं नाव घातलेलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती शेंगदाण्याच्या चटणीने भरून. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा शालनवहिनींचा जन्मजात नियम. वैजयंती त्यातून काही ना काही परत पाठवायची. असं करत सरनोबतांची एक वाटी कायम पोवारांकडे असायची, आणि ती आली की दुसरी जायची.

विरजण मात्र शालनवहिनींना पुन्हा मागावं लागलं नाही. आजच्या दह्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं. मुलीच्या ताटाशी त्या वाडगाच्या वाडगा दही ठेवू लागल्या.

फाल्गुन उलटला आणि दामिनीचा चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. अडुसष्टची एकसष्ट झाली. तालमीत तिच्याहून हलक्या पोरी तिला खाली घेऊ लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, काही सापडेना. शेवटी ते म्हणाले, "या वयात मुली बारीक व्हायच्या नादी लागतात." वस्तादांनी तेवढंच धरलं. खुराक न खाणाऱ्या पोरीला माझ्या तालमीत जागा नाही, असं त्यांनी पोवारांना स्पष्ट सांगितलं. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती.

शालनवहिनी रडवेल्या होऊन वैजयंतीकडे आल्या. "तुम्ही जरा बोला तिच्याशी. तुमचं ऐकंल. तुम्ही एवढं करून दाखवलंय."

वैजयंती गेली आणि बोलली. आईदेखत बोलली. उतरवलेल्या वजनाचा माज कसा असतो ते ज्याने उतरवलंय त्यालाच ठाऊक, आणि तो तिच्या प्रत्येक वाक्यात होता. "भूक लागत नाही असं काही नसतं, दामिनी. आरशात बघत बसायचं आणि ताट सारायचं, हे मी ओळखते. मी भूक असताना हात आवरला. तू आईबापाचं दूध-बदाम वाया घालवतेस. दोन्हीला मन लागतं, तुझं थाऱ्यावर नाही."

दामिनी खाली मान घालून बसली होती. ती तशीच म्हणाली, "काकू, देवाशपथ मी नाटकं करत न्हाई. खायला बसलो की दोन घास नीट जात्यात. तिसऱ्याला पोट भरतंय. आणि तोंडात कसं तरी होतंय. कळकलेल्या ताकागत."

 वैजयंती "येते मी" एवढंच म्हणून उठली.

*

फाउंड्रीत एक गोष्ट ती बावीस वर्षं करत आली होती. दोन वेगळ्या पाळ्यांत, दोन वेगळ्या साच्यांत ओतलेल्या मालात सारखीच भोकं निघाली, तर माणसांना शिव्या द्यायच्या नाहीत. दोन्हीकडे सारखं काय गेलं ते शोधायचं. वाळू एकच होती का? भंगार एकाच ढिगातलं होतं का?

एका घरात नेम होते, दुसऱ्यात नव्हते. एका घरात बारीक व्हायचं होतं, दुसऱ्यात जाड. चूल वेगळी, तेल वेगळं, दूधवाला वेगळा. आणि तिसऱ्या घासाची चव तीच. दोन्ही घरांत सारखं गेलेलं एकच होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने वाटीत घालून दिलं होतं.

रणधीर साडेसहाला आला. पानं घेतली होती. वैजयंतीने दह्याचा वाडगा त्याच्या ताटाशी ठेवला.

"मला नको, सर्दी होते," तो म्हणाला.

"लग्नापासून अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत कधी झाली नव्हती. खा."

त्याने चमचा उचलला, खाली ठेवला. मग पुन्हा उचलला नाही. वैजयंतीने त्या क्षणी मनोमन देवाला सांगितलं, याने एक चमचा खाऊ दे, मी वेडी ठरू दे. पण तो ताटाकडे बघत बसला.

"किती दिवसांपासून?" तिने विचारलं.

"आषाढापासून. तू नेम धरलेस त्याच आठवड्यात."

मग त्याने सांगितलं. आवाज खाली ठेवून, पण एकदा सुरू झाल्यावर अडखळला नाही. कामाविषयी बोलताना तो कधीच अडखळायचा नाही. आतड्याच्या अस्तरात काही पेशी विखुरलेल्या असतात. अन्न पोचलं की त्या रक्तात एक द्रव्य सोडतात, आणि ते मेंदूला 'आता बस' असं कळवतं. पण ते दोन मिनिटांत विरून जातं. जाड माणसात हा निरोप उशिरा निघतो, तोवर ताट संपलेलं असतं. इंजेक्शनं म्हणजे याच निरोपाची टिकाऊ नक्कल होती. ती थांबली की निरोप थांबायचा. रणधीरच्या प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली. दह्याच्याच जंतूत त्यांनी एक नवा गुण घातला. तो जंतू पोटात गेला की आतड्यात मुक्काम करायचा आणि त्या पेशींना सतत डिवचत राहायचा. जेवणाच्या शेवटी निघायचा तो निरोप मग तिसऱ्या घासालाच निघायचा. चव कळकट यायची, तेवढा दोष अजून गेला नव्हता. उंदरांवर झालं होतं, डुकरांवर झालं होतं. माणसांवर करायला परवानगी मिळाली नव्हती.

"आणि मी?" वैजयंती म्हणाली.

"तू ऐकत नव्हतीस, वैजू. तुझे वडील ज्या वयात गेले त्याला तीन वर्षं उरली होती. मी रोज रात्री तुझा श्वास ऐकत पडायचो. माझ्या हातात औषध होतं, आणि तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

त्याने दह्याचा वाडगा ताटापासून लांब सारला.

"मी भाषण केलं, तू पहिल्या रांगेत होतास. टाळ्या वाजवल्यास," ती म्हणाली. "एकवीसमधले किती किलो माझे होते, रणधीर?"

नवरा म्हणून तो अकरा महिने खोटं बोलला होता, पण आकड्यांच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. "चालणं तुझंच आहे. वेळेवर जेवणंही तुझंच. पण किती कशामुळे, ते नाही सांगता येणार. तुलना करायला दुसरी तू नव्हतीस."

"नोंदी ठेवल्यास?"

"ठेवल्या. नाव नाही घातलं कुठे."

तिला वाटलं, याने आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं. दर रविवारी सकाळी काट्यावर उभी राहिली की ती त्याला हाक मारायची, आणि तो हातातलं काम टाकून आकडा बघायला धावत यायचा. त्या धावत येण्याला ती प्रेम समजत होती. ते प्रेम नव्हतंच असंही तिला म्हणता येईना, आणि तेच जास्त लागत होतं.

"समोरची दामिनी तुझंच दही खातेय," ती म्हणाली. "दिवाळीपासून. शालनवहिनी विरजण घेऊन गेल्या."

रणधीर पहिल्यांदा दचकला. "शक्य नाही. त्याला कुलूप आहे. मी दुधात रोज एक पूड घालतो, ती फक्त आमच्याकडेच तयार होते. ती मिळाली नाही तर हा जंतू तीन दिवसांत मरतो. बाहेर पसरू नये म्हणूनच..." तो थांबला. ओठ हिशेब पुटपुटत होते. एका रात्रीत दही लागताना जंतूंच्या सात पिढ्या होतात. आषाढापासून विरजण शेजारी जाईपर्यंत दीडशे रात्री. म्हणजे हजारावर पिढ्या, आणि त्यातला एखादा जरी कुलपाशिवाय जगायला शिकला, तर पुढचं सगळं दही त्याच्याच वंशाचं. प्रयोगशाळेतल्या हुशार माणसांनी कुलूप बनवलं होतं ते दुकानात विकायच्या डबीसाठी. डबी लोक खातात आणि फेकतात. कालच्या दह्यातून आजचं दही लावणारं घर, आणि मागितल्यावर विरजण देणारी बाई, त्यांच्या हिशेबात नव्हतीच. रणधीर ज्या घरात राहत होता ते घरही त्याच्या हिशेबात नव्हतं.

त्याने डोकं वर केलं आणि विचारलं, "कुणाला बोललीस हे?"

दामिनी कशी आहे, असं त्याने विचारलं नाही. वैजयंतीच्या मनात अजून कुठेतरी एक धागा शिल्लक होता, तो तिथे तुटला.

"अजून नाही. आता जाते," ती म्हणाली. "मी परत येईपर्यंत तुझ्या साहेबांना फोन झालेला असू दे. नाहीतर तो मी करेन."

*

पोवारांकडे तिने सगळं सांगितलं. नवऱ्यावर ढकलून मोकळी झाली नाही, विरजण आपल्याच हाताने दिल्याचंही सांगितलं. दहा दिवसांच्या गोळ्यांनी हा जंतू जातो, भूक परत येते, असं रणधीरने सांगितलं होतं, तेही सांगितलं. पोवार उठून गॅलरीत गेले. शालनवहिनी हातातल्या ताटलीची कड पुसत बसल्या होत्या, मघापासून तीच कड.

"तुमचं यजमान वंगाळ वागलं. ते त्यांचं त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सकाळी माझ्यादेखत पोरीला बोललासा, वहिनी. आईबापाचं वाया घालवतीस म्हणालासा. आणि मी गप बसलो. मला वाटलं तुम्हाला जास्त कळतंय."

"मलाही तेच वाटत होतं," वैजयंती म्हणाली. याहून दुसरं काही खरं तिच्यापाशी नव्हतं.

दामिनी इतका वेळ दारात उभी होती. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो," ती आईला म्हणाली. वैजयंतीकडे तिने बघितलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. रणधीरच्या प्रयोगशाळेला टाळं लागलं, चौकशी बसली, तो घरी बसला. आरोग्य खात्याची माणसं गल्लीत दारोदार फिरली आणि अकरा घरांत तोच जंतू सापडला, कारण शालनवहिनींचंही दही सुरीने कापण्यासारखं लागत होतं आणि त्यांनीही कुणाला नाही म्हटलं नव्हतं. अकरा घरांतलं दही उकळून मोरीत ओतलं गेलं. वैजयंती स्वतः वस्तादांना जाऊन भेटली, कागद दाखवले. त्यांनी दामिनीचं नाव परत यादीत घातलं. पण सहा महिन्यांत गेलेली ताकद तीन आठवड्यांत येत नाही. चाचणीत दामिनी पहिल्याच कुस्तीत दीड मिनिटात चितपट झाली. पुढची चाचणी वर्षाने.

फाउंड्रीत वैजयंतीने नसीमची माफी मागितली. "तुला जे बोलले ते मला बोलायचा अधिकार नव्हता," ती म्हणाली. नसीमने ऐकून घेतलं. "जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "तेव्हापासून मी आपला डबा माझ्या टेबलावरच खाते. तेच बरं पडतं." आणि ती कामाला लागली.

गोळ्या संपल्या तशी वैजयंतीची भूक परत आली, वर्षभर बाहेर ठेवलेल्या जनावरासारखी. तिसरा घास आता नुसता तिसरा घास होता. चौथ्याला हात आवरावा लागायचा. कधी आवरायचा, कधी नाही. तिने नेम मात्र सोडले नव्हते. वाळूच्या ढिगांभोवती ती रोज चालायची, साडेसातला ताटावर बसायची, आणि तरी महिन्याभरात पाच किलो परत आले. रणधीर दिवाणखान्यात झोपायचा. काट्यावर उभी राहिली की ती आता न्हाणीघराचं दार लावून घ्यायची.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. तिने दार उघडलं तर कुणी नव्हतं. उंबऱ्यावर वाटी होती. पोवारांकडे राहिलेली, 'र. भा. सरनोबत' नाव घातलेली. घासून, पुसून, लख्ख केलेली. वैजयंतीने ती उचलली. आत काहीच नव्हतं. चटणी नाही, गुळाचा खडा नाही, साखरेचे चार दाणेही नाहीत.

समोरचं दार बंद होतं, पण आतलं ऐकू येत होतं. "आणि एक भाकरी घे की," शालनवहिनी म्हणत होत्या. "वाढ," दामिनी म्हणाली.

वैजयंती वाटी घेऊन आत आली आणि ती मांडणीवर पालथी घातली. रणधीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कोण होतं?"

"कुणी नाही. आपली वाटी आली."

 त्याची दाढी वाढली होती. "तुला भूक लागली असेल," तो म्हणाला. "पोहे करू?"

तिला भूक लागली होती.  तिने गॅस पेटवला, कढई ठेवली, आणि पोह्यांचा डबा त्याच्या हाताजवळून उचलून आपल्याकडे घेतला.

"लागलीय," ती म्हणाली. "पण माझं मी करून घेईन."